उत्तरेश्वरची हजेरी

नानासाहेब गोष्ट सांगता सांगता त्या तारेपाशी आले, तशी सारजाबाईनं कपबशी खाली ठेवली. ही गोष्ट ती दर वेळी हात रिकामे ठेवून ऐकायची.

रविवारी सकाळी अणदूरला सारजाबाईच्या ओसरीवर दोघांची बैठक ठरलेली. नानासाहेब एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, तमाशाचे वेडे. सारजाबाई तीस वर्षं फडात नाचलेली, गायलेली. नळाला पाणी कितव्या दिवशी आलं, सोयाबीन कुणाचं कसं आहे, गुडघे काय म्हणतात, हे आधी व्हायचं. मग ढोलकीवाला बिराप्पा, पेटीवाला चन्नबसप्पा, अशी गेलेली माणसं एकेक करून बोलण्यात यायची. शेवटी सोंगाड्या उत्तरेश्वर. त्याला जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

आज नानासाहेबांनी उत्तरेश्वरच्या मुलीला बरोबर आणलं होतं. शिवकांता, उमरग्याकडं अंगणवाडी सेविका होती. वर्षश्राद्धाला त्याच्या आठवणींचा कार्यक्रम ठेवायचा आणि सारजाबाईनं तिथं त्या हजेरीबद्दल बोलायचं, असं नानासाहेबांच्या मनात होतं.

ते रंगात येऊन सांगत होते. भूमकडची जत्रा. दुसऱ्या दिवशी दुपारी गावच्या मानकऱ्यांपुढं फडानं हजेरी द्यायची, म्हणजे थोडका खेळ करून दाखवायचा, असा रिवाज. उत्तरेश्वर तोंडाला रंग लावून तयार बसलेला, तेवढ्यात तार आली. बायको गेली. त्यानं तार वाचली, घडी घालून खिशात ठेवली, आणि पुढं जाऊन माणसं लोळेस्तोवर हसवली. नानासाहेब तेव्हा पंचविशीत होते, पुढच्या रांगेत होते. उत्तरेश्वरचे पन्नास खेळ बघितले असतील, पण त्या दुपारच्या तोडीचा एकही नाही, असं ते छातीवर हात ठेवून म्हणाले.

शिवकांतानं चहाला तोंड लावलं नव्हतं.

"आमच्या घरीपण हे सांगायचे," ती म्हणाली. "आजी सांगायची. इकडं माझ्या लेकीची चिता जळत होती अन् तिकडं हा लोकांना हसवत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात आला, तर तोंडावरचा रंग तसाच."

ती तेव्हा दोन वर्षांची. आजीनंच वाढवलं. वडील पंचमीला, दिवाळीला यायचे, दारात बसायचे, खाऊ ठेवून निघून जायचे. ती कधी त्यांच्यापुढं गेली नाही. कार्यक्रमाला येईन, पण त्या दिवसाचं कौतुक मला ऐकवू नका, एवढं सांगायला ती आली होती.



घरी त्यावरून एवढा राग धरलाय, हे सारजाबाईला ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं ही गोष्ट तिनं जत्रांतून, एसटीतून, या ओसरीवर ऐकली होती. खरं सांगायचं तर तिला ती ऐकायला आवडायची. नानासाहेब विसरले, तर तीच आठवण करून द्यायची.

"त्या दिवशी पुढं उत्तरेश्वर नव्हता," ती म्हणाली. "मी होते."

नानासाहेबांना आधी कळलंच नाही. मग तिनं सावकाश सगळं सांगितलं. तार वाचल्याबरोबर उत्तरेश्वरनं अंगरखा उतरवून टाकला. फडाचा मालक आडवा आला. सोंगाड्याच नाही म्हटल्यावर गाव तंबू जाळील, म्हणाला. तेव्हा सारजाबाईनं तो अंगरखा उचलून अंगात घातला, पटका बांधला आणि रंगाचा डबा पुढं ओढला. उत्तरेश्वरचं बोलणं-चालणं तिला सगळं पाठ होतं. बाईनं सोंगाड्या केला हे बाहेर कळता कामा नये, अशी मालकानं सगळ्यांना शपथ घातली. पुढं त्या गोष्टीनंच गर्दी व्हायला लागली. मग शपथ मोडायचं कुणाच्या मनात आलं नाही. तिच्याही नाही.

"आणि बाबा?" शिवकांतानं विचारलं.

"तुझ्या बापानं तोंड धुवायला पाणीसुद्धा घेतलं न्हाय, पोरी. बनियनवरच निघाला. एसटी गेलेली. थोडं चालत, थोडं उसाच्या ट्रकवर, असा रातभर गेला."

"मग सांगितलं का नाही कधी?"

"म्या म्हणलं होतं त्याला, सांग म्हणून. तर म्हणला, येळेवर पोचलो न्हाय ते न्हायच. मग कुठं होतो हे सांगून काय करू?"

नानासाहेब सारजाबाईच्या तोंडाकडं असे बघत होते, जणू आजच ओळख झाली असावी. त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. मग हळूच विचारलं, की कार्यक्रमात आता सांगायचं तरी काय.

"तो घरी गेला, एवढं सांगा," सारजाबाई म्हणाली.

शिवकांतानं डोळे पुसले नाहीत, कारण ते ओले झाले नव्हते. ती विचारात पडली होती.

"मी त्यांना तमाशात कधी बघितलं नाही, मावशी," ती म्हणाली. "कसे यायचे ते पुढं?"

सारजाबाई खांबाला धरून उठली. त्या दुपारी तिनं उत्तरेश्वरची चाल फुगवून, खांदे उडवत केली होती. आता गुडघे तेवढं करू देईनात. डावा पाय जरा ओढत, मान एका अंगाला कलती ठेवून ती ओसरीवरून दाराकडं निघाली. सोंगाड्याचं त्यात काही उरलं नव्हतं. नुसता एक माणूस चालत होता.

"असंच," मागून शिवकांता म्हणाली. "माघारी निघाले की असंच जायचे. मी माळवदावर चढून बघायची."

सारजाबाई दारापाशी पोचली होती. चौकटीला हात लावून ती तशीच पाठमोरी उभी राहिली.