साठावरचा काटा

काटा साठावर असताना विटांनी लादलेला टेम्पो आपल्याला मागे टाकून जातो, हे दिनकरराव आठल्यांच्या पचनी पडेना. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि उतरून चाक वितीने मोजले. तीन विती असायला हवे, ते जेमतेम दोन भरले.

"वृंदा, चाकं कोणी आक्रसली?"

"घाटात ती आपोआप लहान होतात ना, बाबा. चढाला हलकं चाक बरं," मुलगी म्हणाली.

"घाट केव्हाच मागे पडला. काटा चाकाच्या फेऱ्या मोजतो, म्हणजे आपण चाळिसानेच चाललो आहोत. कधीपासून फसवते आहेस?"

"दिवाळीपासून," वृंदा नजर चुकवत म्हणाली. "हळू चालवा म्हटलं की तुम्ही जेवण सोडता."

"होती तशी कर."

तिने फोनवरून चाके मोठी केली. दिनकररावांनी विजयी मुद्रेने गाडी हाकली. काटा साठावर पोहोचला, तशी झाडे अंगावर धावून येऊ लागली. वृंदा काही बोलायच्या आत त्यांनी वेग चाळिसावर आणला.

"रस्ता खराब आहे," ते म्हणाले.

"हो ना," नव्याकोऱ्या गुळगुळीत रस्त्याकडे पाहत वृंदा म्हणाली.