बाकाखालची भाषा

"सगळं सांगशील? काही मागे न ठेवता?" सटव्याने पुन्हा खुणेने विचारलं.

"सांगेन," विजयमालेने हातांनीच उत्तर दिलं.

दोघं मंडपाच्या मागे उभी होती. माळावरच्या मूकबधिर शाळेला चाळीस वर्षं झाली, त्याचा समारंभ होता. पहिले मुख्याध्यापक धोंडीराम सर यांचा सत्कार आणि त्यांचा जुना विद्यार्थी म्हणून सटव्याचं मनोगत. सटवा दिंद्रुडकडे मेंढरं राखायचा. त्याला ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. विजयमाला इथली शिक्षिका. त्याच्या खुणा बघून तिने माइकवर बोलायचं होतं.

संस्थेचे अध्यक्ष अमरसिंह चहाचा कप घेऊन आले.

"घ्या ताई."

"नको दादा, आज प्रदोष आहे."

"तुमचा रोजच कायतरी उपास. महादेवबी कटाळला आसंल, जेवा म्हणून म्हणून." ते हसले. मग सटव्याकडे बघून म्हणाले, "ह्यो किती येळ हात हालवणार हाय? लोकं पंगतीकडं बघायलेत."

"दहा मिनिटं."

"होऊ द्या. सोमवारी तुमच्या कायमच्या ऑर्डरीवर सही करतो. सात वर्सं झाली की, ताई. लई थांबलात."

पहिल्या रांगेत छबुबाई बसली होती. युसूफ वडगावची म्हातारी. तिचा मुलगा हनुमान नऊ वर्षांचा असताना ह्याच शाळेच्या हौदात बुडाला. खेळताना पाय घसरला, एवढंच तिला सांगितलेलं. सटवा त्याच्या बाकावर बसायचा. त्यानेच पुतण्याला जीप घेऊन पाठवून तिला आणवलं होतं.

नाव पुकारलं तसा सटवा मंचावर गेला. त्याचे हात कमरेपाशी हलू लागले.

धोंडीराम सरांच्या काळात शाळेत खुणांना बंदी होती. मुलांनी तोंडानेच बोलायला शिकावं, ही तेव्हाची पद्धत. म्हणून त्या पोरांनी आपली भाषा बाकाखाली, मांडीवर, बोटाबोटांत वाढवली. खुणा इतक्या लहान की बघणाऱ्याला वाटावं, माणूस नुसती बोटं चोळतोय. आताच्या मुलांनाही ती भाषा उमगत नसे. त्या पिढीचं दुसरं कोणी आलं नव्हतं. विजयमालेला ती यायची. तिचा थोरला भाऊ त्याच बाकांवर शिकला होता.

सटवा सांगू लागला.

सर लाकडी पट्टी उभी धरून मारायचे, धारेने. खूण करताना सापडलं की हात बाकावर ठेवायचा. त्याची दोन बोटं अशीच मोडली. हाड कातडीतून बाहेर आलं होतं. तरी सर ओठ मोठे मोठे करून म्हणत होते, आवाज काढून रड.

त्याचे हात थांबले की विजयमाला बोलायची. पुन्हा हात, पुन्हा तिचा आवाज. आवाज हळू होता, पण एकदाही अडखळला नाही.

चैत्रातलं ऊन होतं. हनुमानने पाण्याची खूण केली. सरांनी सुतळीने त्याचे हात पाठीमागे बांधले. तोंडाने पाणी माग, मगच मिळेल. हनुमानला 'पा' सुद्धा येईना. सरांनी त्याच्या घशात बोटं घातली. कानफटात मारली. परत म्हणायला लावलं. ओठ फुटून दातांवर रक्त आलं. दुपारपर्यंत हेच चाललं.

मग हनुमान पळाला. हात बांधलेलेच. हौदावर जनावरासारखा वाकला आणि तोल जाऊन डोक्यावर आत पडला. सटवा पोचला तेव्हा पाण्यावर नुसते पाय होते. लाथा झाडणारे. त्याने एक पाय धरला. मोडलेल्या बोटांत तो राहिला नाही.

सर आले तेव्हा पाणी हलायचं थांबलं होतं. त्यांनी मुलाला वर ओढलं. आधी सुतळी सोडून खिशात घातली. माणसं नंतर बोलावली.

सटव्याचे हात खाली आले. विजयमालेचं शेवटचं वाक्य संपलं.

बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. मागून कोणीतरी म्हणालं, "आरं देवा, देवा." अमरसिंहांच्या हातातला मोबाइल तसाच राहिला होता. धोंडीराम सरांनी चष्मा काढला. त्यांची मान वर होत नव्हती.

सटवा एकेक चेहरा बघत होता. इतक्या वर्षांनी ते सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्याने विजयमालेकडे वळून खूण केली, "कळलं त्यांना."

तिने मान हलवली.

तेवढ्यात छबुबाई उठली. काठी टेकत मंचाच्या पायऱ्या चढू लागली. एक शिपाई तिला धरायला पुढे झाला.

"सोड बे तिला," अमरसिंह खालूनच म्हणाले. "येऊ दे."

सटव्याने बाजूला होऊन तिला वाट दिली. धोंडीराम सर खुर्चीचा हात धरून कसेबसे उभे राहिले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण नुसते ओठ हलले.

छबुबाई त्यांच्यासमोर थांबली. काठीवरची तिची मूठ आवळली गेली.

मग काठी खाली पडली. म्हातारी गुडघ्यांवर बसली आणि तिने सरांच्या पायांवर कपाळ टेकलं.

"ह्या ताईनं सांगितलं म्हून आज कळलं, सर," ती हुंदके देत म्हणाली. "माझ्या लेकराला वाचवायला तुमी अंगावरच्या कपड्यानिशी हौदात उडी घेतलती."