बबन पळाला

रोशनी दमूनभागून घरी आली, तर प्रशिक्षण केंद्राने सरावासाठी दिलेला यंत्रमानव बबन तिच्या आईसमोर मांडी घालून लसूण सोलत होता.

"अगं, तुझा पाहुणा कधीचा आलाय," आई म्हणाली. "चहा घेत नाही, पण हात काय चालतो!"

तुरुंगातून चांगल्या वागणुकीच्या हमीवर सुटलेल्यांना सांभाळणारी अधिकारी व्हायचं, तर आधी असा एक बबन सांभाळून दाखवावा लागे. सुटलेल्या माणसासारखाच तो बुजरा आणि हट्टी असे. त्याने केंद्राचं फाटक ओलांडलं की शिकणारा नापास.

"बबनराव, तुम्ही इथे कसे?"

"काल निघताना तुम्हीच म्हणालात, 'या कधीतरी घरी.'"

रोशनीने कपाळावर हात मारला. असं तर आपण सगळ्यांनाच म्हणतो! खरंच कोण येतं?

तेवढ्यात परीक्षक इंगोले सर धापा टाकत दारात आले. त्यांनी बबनकडे पाहिलं, मग सोललेल्या लसणाकडे, आणि ते मटकन खुर्चीत बसले.

"याला आम्ही पळायलाच शिकवलंय," ते म्हणाले. "आजवर तो प्रत्येक अधिकाऱ्यापासून पळाला. अधिकाऱ्याकडे पळत आलेला आजच बघतोय. नियम गेला खड्ड्यात, तुम्ही पास!"

चहा पिऊन सर बबनला घेऊन निघाले. आई सवयीने दारापर्यंत गेली.

"या हं पुन्हा!"

बबन जागीच थांबला आणि वळून म्हणाला, "किती वाजता?"