रेघेच्या आत

गवंड्याने थापी घमेल्यात टाकली आणि विचारलं, "काका, आता एकदाच काय ते सांगा. किती?"

काकांनी खिशातून घडी केलेला आलेखाचा कागद काढला. निवृत्त होईपर्यंत त्यांनी एका कचेरीत नकाशे काढले होते. दारापुढच्या या एका पायरीचेही त्यांनी तीन काढले. पहिल्यात पायरी अडीच फूट पुढे आली, दुसऱ्यात तीन, कालच्यात साडेतीन. गवंडी दोनदा फळ्या ठोकून दोनदा उखडून गेला होता. आज सिमेंट कालवून तयार होतं, आणि काका अजून खोडरबर शोधत होते.

जुनी पायरी जेमतेम सव्वा फुटाची. उंचीला चारच इंच, त्यामुळे उतरणं अवघड नव्हतं. उभं राहायलाच जागा नव्हती. काकू पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, हाती वॉकर आला, आणि त्याचे चार पाय काही त्या पायरीवर मावेनात. चार महिने त्या फक्त दवाखान्यापुरत्या घराबाहेर पडल्या, त्याही खुर्चीसकट उचलून. आता स्वतःच्या पायांनी चाला, असं डॉक्टरांनी सांगून पंधरा दिवस झाले होते. आपलं हाड जुळून आलं पण पायरी काही जुळत नाही, असं काकू आतून बोलल्या ते दोघांनी ऐकलं आणि दोघांनीही न ऐकल्यासारखं केलं.

तीन फूट का पुरणार नाहीत, ते काकांनी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. वॉकर इतका, पाऊल इतकं, दार बाहेर उघडतं त्याचं इतकं. हे सगळं कागदावरचं नव्हे, आपण स्वतः वॉकर धरून घरभर चालून पाहिलं आहे.

"मग तुमची पायरी झाली," गवंडी म्हणाला. "काकूंची किती?"

काका पुन्हा कागदात पाहू लागले. गवंड्याने पाय झटकले, खडू घेतला आणि सरळ घरात शिरला. मधल्या खोलीचं दारही बाहेरच उघडणारं होतं. त्याने त्या दारापुढच्या फरशीवर तीन फुटांचा चौकोन आखला आणि काकूंना दाराच्या आत उभं राहायला सांगितलं. ही पायरी समजा, म्हणाला, आणि या बाहेर. आणि लवकर या, बाहेर माल घट्ट होतोय.

काकूंनी दार ढकललं. वॉकरचे पुढचे दोन पाय चौकोनात आले. तेवढ्यात काका झेपावले. एका हाताने त्यांनी दार धरलं, दुसऱ्याने काकूंचं कोपर. काकू अंग चोरून अर्धवट वळल्या, वॉकर त्यांच्या पायावर आला, आणि काकांची टाच रेघेबाहेर गेली.

"पाहिलंस?" काका गवंड्याला म्हणाले. "साडेतीनच कर."

गवंड्याने कपाळाला हात लावला. खडू कानामागे खोचून तो काकूंकडे बघत राहिला.

काकू म्हणाल्या, "अहो, जरा बाहेर व्हा."

"कशाच्या?"

"रेघेच्या."

काका बाहेर झाले. काकू मागे गेल्या, आणि त्यांनी दार आतून लावून घेतलं. पुन्हा ढकललं तेव्हा ते अर्ध्यावरूनच परत आलं. काका पुढे सरले. गवंड्याने मध्ये हात घातला. दुसऱ्यांदा दार वॉकरला अडकलं. काकूंनी वॉकरला चार शब्द सुनावले. तिसऱ्यांदा त्यांनी दार कोपराने पार भिंतीला टेकवलं, वॉकर उचलून पुढे ठेवला, एक पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि चौकोनात ताठ उभ्या राहिल्या. चेहरा घामाने डबडबला होता.

गवंड्याने वाकून पाहिलं. "तीन फूट. वर चार बोटं उरतात," तो म्हणाला आणि घमेल्याकडे जवळजवळ पळालाच.

काका रेघेबाहेर तसेच उभे होते, दोन्ही हात अजून काकूंच्या कोपराइतक्या उंचीवर धरलेले. बाहेर फळ्यांवर हातोडा पडू लागला, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "मग मी कुठे उभं राहायचं?"

"खाली, अंगणात," काकू म्हणाल्या. "मी येतेय ना तिकडे."