ब्राझीलमार्गे करुणा

“करुणा आधी स्वतःला द्या, मग मित्राला, मग अनोळखी माणसाला, मग शत्रूला,” चेअरमन ठोसरकाका ऑनलाइन सांगत होते. महामारीत जगानं करुणेनं वागावं, यासाठी सोसायटीनं बुद्धपौर्णिमेला ध्यान ठेवलं होतं.

सोसायटीच्याच गेटबाहेर सुकेशनी फोन कानाला लावून तेच ध्यान ऐकत उभी होती. कोविड वॉर्डातली ड्युटी करून आली, तर संसर्ग नको म्हणून काकांनी गेटला आणि जिन्यालाही कुलूप घातलेलं. वर बापाजवळ तापानं फणफणलेली लेक तिची वाट बघत होती. ही साधना सुकेशनी आईच्या मांडीवर शिकली होती. त्यात नर्सचा नंबर कितवा, ते मात्र आईनं सांगितलं नव्हतं.

“आता इटलीला करुणा पाठवू. आता ब्राझीलला.”

तिनं माइक सुरू केला. “काका, ब्राझीलहून परतताना करुणेला जरा गेटवर पाठवा. किल्ली देऊन.”

“ताई, ध्यानात व्यत्यय नको,” म्हणत काकांनी तिचा आवाज बंद केला. “सगळ्यांनी डोळे मिटा. मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सोसायटी मोठी शिस्तीची. घराघरांत डोळे मिटले. केबिनमध्ये वॉचमननंही मिटले. सुकेशनीनं ओढणी कमरेला खोचली, गेटवर चढली आणि आत उतरली.

“आता,” काका सद्गदित होऊन म्हणाले, “करुणा तुमच्या दाराशी आलीय असं समजा.”

तळमजल्यावर काकांची बेल वाजली. सुकेशनीनं बटणावरचं बोट काढलंच नाही.