ओल्या भाजीचा विटाळ

"तानाबाई, ये व हौदावर. आजपासून मुळे तूच धुवत जाय."

विमलबाई हे अशा थाटात म्हणाल्या, जसं काही लग्नाचं आवतण देत होत्या. शालीतून हातही बाहेर काढला नाही. हनुवटीनेच हौद दाखवला.

वाफ्यात मुळे उपटत बसलेल्या पंचफुलाचा हात जागच्या जागी थांबला. शेजारी तिची सासू तानाबाई बसली होती. तिला आधी खरंच वाटेना. तिने वळून मागे पाहिलं, दुसऱ्या कोणा तानाबाईला तर बोलावत नाहीत ना.

महिला मंडळाची ही भाजीबाग. गावातल्या सगळ्या बायांची, असं फाटकावरच्या पाटीवर ठळक लिहिलेलं होतं. खुरपायला सगळ्या, वाफ्यांना पाणी द्यायला दारं धरायच्या सगळ्या, वाटाही सारखा. फक्त हौद तेवढा सगळ्यांचा नव्हता. पंचफुला-तानाबाईसारख्या बौद्धवाड्यातल्या बायांनी पेरायचं, उपटायचं आणि टोपली बांधावर नेऊन ठेवायची. पुढचं धुणं पाटलाच्या विमलबाईंकडे आणि त्यांच्या जावेकडे, गोजरबाईकडे. कोरडी भाजी बाटत नाही, ओली बाटते म्हणे! हा कायदा कोणी केला कोण जाणे, पण गावात तो सरकारच्या कायद्याहून पक्का होता. दिवाळीच्या आधी पंचफुला चिखलाचे मुळे हौदात बुचकळायला निघाली, तर गोजरबाईने टोपली अशी हिसकली की निम्मे मुळे पुन्हा चिखलात. त्याच हौदात पाटलाची म्हैस नाकपुड्यांपर्यंत तोंड बुडवून पाणी प्यायची. तिला मात्र कधी कोणी हटकलं नाही.

आणि आता थंडी पडली होती. साधीसुधी नाही. हौदात बोट घातलं की कोपरापर्यंत कळ जात होती. गोजरबाईच्या बोटांना भेगा पडून रक्त आलं होतं. आज धाड गावचा बाजार, गाडी जुंपून उभी, आणि चिखलाने बरबटलेले मुळे बाजारात कोण घेणार? एवढ्या वर्षांची रीत रातोरात ढिली झाली ती अशी.

तानाबाई उठली. लुगड्याची माती झटकली, पदर डोक्यावरून नीट घेतला. जन्मभर ज्या हौदाला वळसा घालून चालली, त्याच्याकडे ती सरळ निघाली. म्हातारीच्या तोंडावर असा आनंद होता की पंचफुलाला तो बघवेना.

"आत्याबाई, थांबा!" ती ओरडली आणि विमलबाईंसमोर जाऊन उभी राहिली. "बाई, दिवाळीच्या आंदी आमचा हात लागला असता त हौद बाटला असता. आता काऊन नाई बाटत? थंडीनं विटाळ गोठला का?"

"पाह्य व माय," गोजरबाई फणकारली, "मान देऊन राह्यलो त हिची मिजास!"

विमलबाईंनी जावेला गप्प केलं. त्या मंडळाच्या अध्यक्ष होत्या. त्यांना गोड बोलता यायचं. "जमाना बदलून राह्यला, पंचफुले. आमी बी बदलून राह्यलो."

"बरं झालं. मंग उन्हाळ्यात बी आमीच धुवू? उन्हात दारं धरून घसा सुकला त इथंच पाणी पिऊ? कोनी वरून ओंजळीत ओतन म्हनून उभं नाई राहाचं?"

विमलबाईंना एकाएकी गाडीकडे बघावंसं वाटलं. "उन्हाळ्याचं उन्हाळ्यात पाहू. गाडी खोळंबली हाय. आन् हे पाह्य, माह्या घरच्या जुड्या पह्यले धुवा. पाव्हणे आले हायेत."

पंचफुलाच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे मान मिळायचा तोही थंडीपुरता! ऊन तापलं, पाणी हवंहवंसं वाटू लागलं, की पुन्हा आपण बांधाच्या पलीकडे. आणि जमाना बदलला म्हणायचं तोंड वर करून!

"चला आत्याबाई, घरी चला," ती म्हणाली. "नासू द्या मुळे. आपला वाटा बी गेला त जाऊ द्या."

पण तानाबाई थांबली नव्हती. ती हौदाशी पोचलीही होती, आणि सुनेचं बोलणं ऐकलंच नाही असं दाखवत काठावर वाकली. पंचफुलाला वाटलं, एवढं भांडून काय उपयोग? म्हातारी आता दिवस मावळेपर्यंत धूत बसणार, आणि वर बाईंचे उपकार मानणार.

तानाबाईने दोन्ही हात पाण्यात घातले. थंडीने तिच्या तोंडून सस्स असा आवाज निघाला. पण मुळ्यांची टोपली अजून बांधावरच होती, हातात एकही मुळा नव्हता. हात वर आले ते ओंजळ होऊन. ती ओंजळ तिने तोंडाला लावली आणि डोळे मिटून, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

"अवं, अवं!" गोजरबाई किंचाळली. "तुले धुवाले सांगतलं होतं, प्याले नाई!"

तानाबाईने पदराने तोंड पुसलं. तिचे दात थंडीने वाजत होते, पण बोलायची तिला घाई नव्हती.

"मुळे धुईन ते तुमच्या पोटात जातीन, बाई. हे त माह्याच पोटात गेलं."