सातवा महिना

एसटीत चढताच रेवतीने सवयीने पोटावर पदर ओढला. सिझरच्या जुन्या टाक्यांतून हर्निया फुगायला लागल्यापासून ती सातव्या महिन्यातली दिसायची. बघेल तो उठून जागा द्यायचा. एका आजीने तर, "जपून गं पोरी," म्हणत तिच्या हातावर चिंचेची गोळी ठेवली होती. तेव्हा शेजारी कॉलेजात जाणारी लेक बसलेली. रेवतीने ती गोळी मुकाट्याने चघळली होती.

सहा महिन्यांपूर्वी ऑपरेशन करून आत जाळी बसवली. आज डॉक्टरांनी तिला जोरात खोकायला लावलं. सपाट झालेलं पोट जागचं हललं नाही.

गाडी खचाखच भरली होती. समोरच्या तरुणाने तिच्या पोटाकडे पाहिलं आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं.

"आई, त्याला उठायला सांगू?" शेजारी उभ्या लेकीने विचारलं.

"खबरदार," रेवती म्हणाली, आणि पदर कमरेला खोचून थेट गावापर्यंत ऐटीत उभी राहिली.